सोन्याची रांग आणि बंद गेट

ती. आई-बाबा,
शि. सा. नमस्कार.

आई, तुझ्या पाटल्यांतलं सोनं मुळात झालं कसं, हे फोनवर नीट सांगता येत नाही, म्हणून लिहिते.

लोखंडापर्यंतची बहुतेक मूलद्रव्यं ताऱ्यांच्या पोटात तयार होतात. सोन्याला मात्र न्यूट्रॉनांचा मारा लागतो. दोन न्यूट्रॉन तारे, म्हणजे जवळजवळ न्यूट्रॉनांचेच बनलेले मेलेल्या ताऱ्यांचे गोळे, एकमेकांवर आदळले की तो मिळतो. 17 ऑगस्ट 2017 ला अशी एक टक्कर टिपली गेली. तिथे अणुकेंद्रक भराभर न्यूट्रॉन गिळतं, पण 82 झाले की पुढचा धरवत नाही. आतल्या एखाद्या न्यूट्रॉनचा प्रोटॉन होऊन एक इलेक्ट्रॉन बाहेर पडावा लागतो, म्हणजे बीटा ऱ्हास, तेव्हाच पुढे सरकतं. बाबा, टिळकवाडीचं दुसरं रेल्वे गेट आठवा. गेट जितका वेळ बंद, तितकी रांग लांब. टेल्युरियम आणि झेनॉन शेजारच्या मूलद्रव्यांपेक्षा जास्त सापडतात, ती ही रांग. म्हणून माझ्या मते गेट किती वेळ बंद राहतं, हे मोजणं सगळ्यांत मोलाचं.

जपानमधल्या वाको इथे रिकेन संस्थेत युरेनियमचा वेगवान झोत बेरिलियमवर आदळवतात. तुकड्यांतून हवी ती केंद्रकं चुंबकांनी निवडून सिलिकॉनच्या चकतीत रुतवतात. चकतीवर 1 मिलिमीटर रुंदीच्या उभ्या-आडव्या पट्ट्या असतात, शहापूरच्या मागावरच्या ताण्याबाण्यासारख्या. त्यामुळे केंद्रक कुठल्या घरात बसलं ते कळतं. नंतर त्याच घरातून इलेक्ट्रॉन निघाला की मधला वेळ मांडायचा. पुरेशा नोंदी जमल्या की अर्धायुष्य, म्हणजे निम्म्या केंद्रकांचा ऱ्हास व्हायला लागणारा वेळ, निघतं.

घोटाळा होतो तो इथे. झोत दाट असला तर पहिल्याचा ऱ्हास होण्याआधीच त्या घरात दुसरं केंद्रक येऊन बसतं; मग इलेक्ट्रॉन कुणाचा? शिवाय 82 च्या गेटापाशी अडकणाऱ्या कॅडमियम-130 पासून झालेलं इंडियम-130 सुद्धा सेकंदाच्या आत इलेक्ट्रॉन सोडतं. हे वगळलं नाही तर अर्धायुष्य फुगतं. उपाय मला फार आवडतो: हिशेब उलटा मांडायचा. इलेक्ट्रॉन आधी आणि केंद्रक नंतर अशा जोड्या लावायच्या. त्या खऱ्या असूच शकत नाहीत, म्हणून तेवढ्या खोट्या नोंदी वजा करायच्या. भोवती द्रव नायट्रोजनने गार ठेवलेले जर्मेनियमचे शोधक असतात. मूळ केंद्रकाच्या ऱ्हासाचा ठरावीक गॅमा किरण दिसला तरच नोंद धरली की इंडियमचा गोंधळही टळतो. कॅडमियम-130 चं अर्धायुष्य आधी 162 मिलिसेकंद मानत, आता सुमारे 127 धरतात. एवढ्या फरकानेही पुढच्या रांगांचं गणित हलतं.

सोनं-प्लॅटिनमची रांग मात्र 126 न्यूट्रॉनांच्या गेटापाशी लागते. तिथली केंद्रकं प्रयोगशाळेत फार थोडी बनतात, बहुतेकांचं अर्धायुष्य अजून मोजलेलं नाही. तोवर आई, तुझ्या पाटल्यांचा हिशेब अंदाजावरच आहे.

बाबा, औषधं वेळेवर घ्या.

तुमची,
धाकटी