आधी करडाचा गळा चाचपा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

कालच्या शेतीपुरवणीतला शेळ्यांच्या जीवनसत्त्वांवरचा लेख वाचला. हिरवा चारा भरपूर घाला, त्यातल्या कॅरोटीनचं जीवनसत्त्व ‘अ’ आपोआप होतं, असं लेखकानं बिनदिक्कत लिहिलंय. आपोआप काही होत नाही. हे काम मुख्यतः आतड्याच्या अस्तरात चालतं आणि त्याला गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीच्या संप्रेरकांचा रेटा लागतो. थायरॉइड मंदावली की चारा कितीही हिरवा असो, काम रेंगाळतं. रायबोफ्लेविनचंही, म्हणजे जीवनसत्त्व ‘ब-२’चंही तेच. ते पेशींच्या कामी आणणारं विकर (एन्झाइम) थायरॉक्सिन हे थायरॉइडचं संप्रेरक कमी पडलं की ढिलं पडतं, हे उंदरांवरच्या प्रयोगांत केव्हाच दिसलंय. पानभर लेखात थायरॉइडचं नावसुद्धा नाही!

मला हे झोंबलं, कारण त्याची किंमत मी मोजली आहे. चाराटंचाईच्या वर्षी आमच्या गाभण शेळ्यांपुढे बांधावरची सुबाभूळच पडायची. करडं झाली ती मरतुकडी, अंगावर केस जेमतेम, जबड्याखाली लिंबाएवढी गाठ. औषध दुकानदारानं करडू न बघताच ‘अ’ची कमतरता ठरवली आणि महागडं टॉनिक गळ्यात मारलं. बाटलीतलं तयार ‘अ’ थायरॉक्सिनची जागा कसं घेणार? करडं गेली. नंतर आलेल्या डॉक्टरांनी उरलेल्या एकाचा गळा चाचपला आणि पहिलाच प्रश्न केला, “सुबाभूळ किती घालता?” तिच्यातल्या मिमोसिन या विषारी घटकापासून शेळीच्या पोटात जे द्रव्य बनतं, ते थायरॉइडला आयोडीन वापरू देत नाही आणि ती सुजते; जबड्याखालची गाठ ती हीच. म्हणून आयोडीनसाठी नुसती चाटायची क्षारवीट टांगून भागत नाही, पालाच कमी करावा लागतो. हे द्रव्य पचवणारे जिवाणू हवाईतल्या शेळ्यांच्या पोटात असतात, हे ऑस्ट्रेलियाचे शास्त्रज्ञ रेमंड जोन्स यांनी १९८०च्या दशकात दाखवलं. पण आपल्या दावणीच्या शेळीत ते पुरेसे आहेतच, असं धरून कसं चालेल? एकूण चाऱ्यात सुबाभूळ तिसऱ्या हिश्शाच्या आत ठेवा, एवढं एक वाक्य लेखात हवं होतं. तुम्ही छापलंत, “सुबाभूळ हवी तेवढी द्या.”

आणखी एक. त्याच लेखाला लागून जीवनसत्त्वांच्या टॉनिकची अर्धं पान जाहिरात होती. शेतकरी दोन्ही एकत्र वाचतो आणि दुकान गाठतो, हे तुम्हाला कळायला हवं. पुढच्या पुरवणीत दुरुस्ती छापा, पशुवैद्यकाकडून तपासून घेऊन, आणि त्या जाहिरातीएवढ्याच ठळक अक्षरांत.

– एक शेळीपालक, ता. सिन्नर