ओमड्या, त्या वीस हजारांच्या पीसीचं बोलू

ओमड्या,

अनेक आशीर्वाद. तू टाकलेलं कोटेशन नीट बघितलं. व्हॉट्सअ‍ॅपवर एवढं टायपायचं म्हणजे माझी बोटं दुखणार आणि तू निळी टिक देऊन गप्प बसणार, म्हणून मेल करतेय. बाबांना फोटो दाखवला तर म्हणे घेऊ दे की, झकास दिसतोय. दिसतोय तर खराच, समोर काच, तीन रंगीत पंखे, वर ‘आय फाइव्ह गेमिंग पीसी, ४ जीबी ग्राफिक कार्ड’ आणि किंमत वीस हजार! पण बाळा, त्या माणसानं सगळा खर्च डोळ्याला दिसतं तिथंच केलाय.

मदरबोर्ड बघ, एच६१ चा. हा चिपसेट, म्हणजे बोर्डाचा कारभार बघणारी चिप, इंटेलने २०११ मध्ये आणला. बोर्ड नवा कोरा आहे, खोटं नाही बोलत तो, चीनमध्ये जुन्या चिपसेटवर अजून नवे बोर्ड बनतात, पण त्यावर कंपनीचं नाव काही मला फोटोत दिसलं नाही, म्हणजे उद्या बायोस, बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर, अपडेट करायला लागलं तर कुणाच्या दारात जाणार? आत बसवलेला आय फाइव्ह ३४७० म्हणजे २०१२ चा, चार कोरचा. जुन्या प्रोसेसरला मी नाक मुरडत नाही, प्रोसेसर सहसा मरत नाहीत, मरतो तो बोर्ड. पण एच६१ ला रॅमचे दोनच स्लॉट, तेही डीडीआर३, आणि डिस्क जोडायचे साटा पोर्ट ३ गिगाबिटवाले, त्यामुळे चांगली एसएसडी लावलीस तरी ती निम्म्या वेगानंच पळणार. शिवाय विंडोज ११ इंटेलच्या आठव्या जनरेशनच्या आधीच्या प्रोसेसरवर अधिकृतपणे चालत नाही, आणि विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. दुकानदार म्हणेल मी टाकून देतो ११, टाकतातही जुगाड करून, मग एखादं मोठं अपडेट अडकलं की तू आणि तुझं नशीब.

त्यातल्या ग्राफिक कार्डाची, जीटी ७३० ची, तर गंमतच आहे. एकाच नावाखाली वेगवेगळी कार्डं विकली गेलीत. जीडीडीआर५ वालं असेल तर मेमरीचा वेग सेकंदाला ४० जीबी, आणि ६४ बिटचं डीडीआर३ वालं असेल तर जेमतेम १४.४. तुझ्या कोटेशनमध्ये डीडीआर३ लिहिलंय. एवढ्याशा नळाला चार हजार लिटरची टाकी लावून पाणी थोडंच जोरात येणारे? ते ४ जीबी खोक्यावर छापायला.

पण माझा खरा राग एसएमपीएसवर, म्हणजे मशीनला वीज पुरवणाऱ्या डब्यावर आहे. ‘४५० वॅट’, बास, ना ब्रँड ना काही, कॅबिनेटबरोबर फुकट. अशा वेळी पुढचा मोठा आकडा वाचायचाच नाही, बाजूच्या स्टिकरवर +१२ व्होल्टच्या खाली अँपिअर किती लिहिलेत ते बघायचं, कारण प्रोसेसर आणि कार्ड दोन्ही त्या १२ व्होल्टवरच जगतात. १४ अँपिअर असेल तर १२ गुणिले १४, झाले १६८ वॅट, कुठले ४५०?

आपल्या डीटीपीच्या दुकानात, तू तेव्हा शाळेत होतास, असाच एक कॅबिनेटबरोबर आलेला ‘५०० वॅट’वाला ऐन लग्नसराईत गेला. एकटा गेला असता तर चाललं असतं, जाताना बोर्ड आणि हार्डडिस्क घेऊन गेला, श्रीलिपी या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये सेट केलेल्या पत्रिका परत बसून कराव्या लागल्या आणि विकणारा शांतपणे म्हणतो मॅडम वॉरंटी फक्त एसएमपीएसची. मी तो नंतर उघडून बघितला. हातात वजनच लागत नव्हतं. वायर आत येते तिथं फिल्टरची कॉइल बसवायची जागा पट्टीवर छापलेली होती, पण कॉइल नव्हती, त्या जागी नुसत्या दोन तारा सोल्डर करून पुढे नेलेल्या. कॅपॅसिटरची डोकी फुगलेली आणि एकाच्या बुडाशी तपकिरी चिकट ओघळ. (तू उघडायला जाऊ नकोस हं, आतल्या मोठ्या कॅपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरसुद्धा तीनशेच्या वर व्होल्ट राहू शकतात.) तेव्हापासून कमी पैशात करायचं असेल तर मी जुनं पण नावाजलेलं घेते, नवं पण बिननावाचं नाही. आणि एसएमपीएसमध्ये काटकसर करायचीच नाही.

मग तुला काय घ्यायचं ते ऐक. अप्पा बळवंतला कागद आणायला गेले की माझे पाय तपकीर गल्लीत वळतातच, बाबा म्हणतात लोकांच्या बायका लक्ष्मी रोडला साड्या बघतात आणि ही मदरबोर्ड. तर तिथं ऑफिसांतून निघालेला माल येतो, हिंजवडी, मगरपट्टा, लीज संपली की मशीनं थप्पीनं बाहेर. परवा एक डेलचं ऑप्टिप्लेक्स बघितलं, आय फाइव्ह ८५००, आठवी जनरेशन, सहा कोर, विंडोज ११ सरळ चालतं. काउंटरवरचा मुलगा म्हणाला काकू कंडिशन कडक आहे, डोळे झाकून न्या. मी म्हटलं डोळे उघडेच ठेवते, तू झाकण उघड. धूळ होती पण कॅपॅसिटर सगळे सपाट, सर्व्हिस टॅगचा स्टिकर न फाडलेला, त्या नंबरावरून डेलच्या साइटवर मूळ मशीन काय होतं ते कळतं. मग पर्समधला लिनक्स मिंटचा पेनड्राइव्ह लावून तिथंच बूट करायला लावलं. त्यात ‘डिस्क्स’ उघडलं तर हार्डडिस्क ४०,००० तासांवर चाललेली, म्हणजे दिवसरात्र धरली तरी साडेचार वर्षं. म्हटलं ही तुम्हीच ठेवा आणि तेवढे पैसे कमी करा. केले, कुरकुर करत. पक्कं बिल पाहिजे तर १८ टक्के जीएसटी वेगळा म्हणाला, ते आपण देऊ, बिल नसेल तर वॉरंटी नुसती तोंडीच राहते. मशीन बाजूला ठेवायला सांगितलंय.

यात एक अडचण आहे ती आत्ताच सांगते, नंतर माझ्या नावानं बोंबलू नकोस. कॅबिनेट बारकं आहे आणि एसएमपीएस डेलच्या स्वतःच्या पिनचा, बाजारातला कुठलाही बसणार नाही. त्यामुळे तू म्हणतोस ते आरएक्स ५८० ग्राफिक कार्ड विसर, १८५ वॅटचं ते, या डब्यात ना मावेल ना चालेल. शिवाय ग्राफिक कार्डांवर चालणारं इथेरियम या क्रिप्टो नाण्याचं मायनिंग सप्टेंबर २०२२ मध्ये बंद झाल्यापासून मायनिंगमध्ये घासलेली कार्डं बाजारात भरपूर आलीत, आणि त्यातली कितीतरी ‘२०४८एसपी’, म्हणजे नाव ५८० चं आणि आतून ५७०. तुला गेमच खेळायचा असेल तर लो प्रोफाइलवालं, म्हणजे बुटकं, जीटीएक्स १६५० कार्ड बघू, ते स्लॉटमधल्या ७५ वॅटवरच चालतं, वेगळी वायर लागत नाही. पण ते पुढच्या सेमिस्टरला. आधी रॅम. अँड्रॉइड स्टुडिओ आणि एम्युलेटर दोन्ही उघडलेस की आठ जीबीत मशीन गुडघे टेकतं, सोळा लागेलच.

रॅमचे भाव २०२५ च्या शेवटी कसे भडकले ते तू बघितलंसच, एआयच्या डेटा सेंटरवाल्यांनी सगळा माल उचलला आणि आपण बसलो बघत. म्हणून मशीनबरोबर आठची एकच स्टिक घेणार, दुसरी आठची डीडीआर४ घरी श्रीखंडाच्या डब्यात आहे, जुन्या बोर्डातून काढलेली. दोन स्टिक दोन चॅनेलला लागल्या की प्रोसेसरमधल्या इंटिग्रेटेड ग्राफिक्सलाही बरं पडतं. कधी पडदा काळाच राहिला तर घाबरून दुकानात नेऊ नकोस, वायर काढून स्टिक बाहेर घ्यायची, सोनेरी पट्टीवर साधं खोडरबर फिरवायचं, कचरा पुसायचा आणि कट्ट आवाज येईपर्यंत परत दाबायची. निम्मी मशीनं एवढ्यानंच उठतात.

आणि नागपूरचा उन्हाळा. कुलरच्या समोर मशीन ठेवू नकोस, ती ओली हवा थेट आत जाते. पलंगाखालीही नको. हॉस्टेलच्या सॉकेटला अर्थिंग आहे का ते वॉर्डनच्या इलेक्ट्रिशियनकडून तपासून घे, लोखंडी कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर समज की नाहीये, आणि तसं असेल तर मशीन लावण्याआधी मला सांग. ६०० व्हीएचा आपला जुना यूपीएस देते, त्यावर साधारण ३६० वॅट ओढता येतात, तुला भरपूर झाले. बॅटरी नवीन टाकून देते, १२ व्होल्ट ७ एएचची, ती कुठंही मिळते.

त्या कोटेशनवाल्याला नाही म्हणून कळव, अ‍ॅडव्हान्स दिला नाहीस ना? परीक्षा कधी संपते तेही सांग, त्या हिशोबानं बाबा रात्रीच्या ट्रॅव्हल्सला पार्सल टाकतील. जेवत जा वेळेवर.

आई