हाडं आधी स्वतःच्या अंगावर शोध

प्रिय मुक्ता,

अनेक आशीर्वाद.

काल फोनवर म्हणालीस, "आई, 206 हाडांची नावं म्हणजे नुसती घोकंपट्टी." तेव्हा बाहेर पेशंट खोळंबले होते, म्हणून नीट बोलता आलं नाही. पण रोज माणसांची हाडं कातडीवरून चाचपणाऱ्या तुझ्या फिजिओ आईला यावर गप्प बसवत नाही.

आधी आकड्याची धास्ती सोड. मनगटासह हाताच्या पंजात 27 हाडं, पावलात 26. चारही मिळून झाली 106, म्हणजे निम्म्याहून जास्त सांगाडा तिथेच संपला. मानेचे 7, पाठीचे 12, कमरेचे 5 मणके आणि बरगड्यांच्या 12 जोड्या लक्षात राहिल्या की उरलेलं हळूहळू बसतं.

आता पुस्तक मिट आणि गळ्याखालच्या खळगीत बोट ठेव. दोन्ही बाजूंना उंचवटे लागतात ना? ती कॉलरबोनची आतली टोकं. खांदा वर उचल, टोक बोटाखाली हललेलं कळेल. अख्खा हात धडाला हाडाने जोडलाय तो फक्त या एका सांध्यात. पाठीवरचा फरा बरगड्यांवर नुसता स्नायूंच्या आधाराने सरकतो, म्हणून तर हात एवढा चहूकडे फिरतो. आणि गंमत अशी की तुझं हे हाड अजून पुरं झालेलं नाही. गर्भात हाड बनायला सगळ्यात आधी इथे सुरुवात होते, पण हे आतलं टोक जुळायला पंचविशी उजाडते.

होस्टेलवरचा बोन सेट हाताळताना हाड म्हणजे वाळकी वस्तू वाटते. (तो सेट टेबलावर आदळू नकोस, कुणाचा तरी देह होता तो.) जिवंत हाड तसं नसतं. तू तान्ही असताना आजी रोज तुझी टाळू भरायची. त्या मऊ जागी हात ठेवला की ठोका लागायचा, कारण कपाळाचं हाड आणि डोक्याच्या दोन बाजूंची हाडं अजून एकमेकांना मिळाली नव्हती. जन्मताना हाडांचे तुकडे 206 पेक्षा बरेच जास्त असतात, ते पुढे जुळत जातात. जुळल्यावरही काम थांबत नाही. जुनं हाड कोरून काढणाऱ्या पेशी वेगळ्या, नवं भरणाऱ्या वेगळ्या, आणि मोठ्या माणसात वर्षाला सुमारे 10 टक्के सांगाडा असा नवा होतो. अंगावर भार पडला नाही की भरण्यापेक्षा कोरणं वाढतं. पेशंट कण्हत असला तरी आम्ही त्याला लवकर उभं करतो, ते याचसाठी.

मनगट मात्र सावकाश शीक. अंगठा ताठ कर, त्याच्या मुळाशी स्नायूंच्या दोन दोऱ्या (कंडरा) उभ्या राहतील आणि मधे खळगा पडेल. त्याच्या तळाशी स्कॅफॉइड हे मनगटाचं छोटं हाड आहे. गाडीवरून पडलेली पोरं तळहातावर आपटतात, पहिला एक्स-रे कधी कधी साफ येतो आणि घरचे "मुरगळलंय" म्हणून तेल चोळत बसतात. या खळग्यात दाबून दुखलं तर ते मुरगळणं समजायचं नाही, हात बांधून पुन्हा तपासायचा. या हाडात रक्त मुख्यतः बोटांकडच्या बाजूने शिरतं आणि मागे कोपराच्या दिशेने जातं. मधेच तुटलं तर मागचा तुकडा रक्ताविना पडतो, कधी जुळतच नाही. हे एकदा कळलं की नाव पाठ करावं लागत नाही.

खुब्याचंही तसंच आहे. आजीचा जुना एक्स-रे व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतेय, मांडीच्या हाडाची मान नीट बघ. वरच्या गोळ्याचं बहुतेक रक्त त्या मानेवरून येतं. मानेखाली तुटलं असतं, तर गोळ्याचं रक्त सहसा शाबूत राहतं आणि रॉड-स्क्रूवर भागतं. आजीचा गोळाच का बदलावा लागला, ते रविवारी फोनवर तू मला समजावून सांग. आजीही शेजारी बसून ऐकणार आहे, तिला समजेल असं सांग.

तुझी,
आई