फोटोवाल्या दादांना

दादा, नमस्कार.

नाव लिहू नका असं तुम्हीच बजावलं होतं, म्हणून नुसतं दादा. नागपूरच्या दवाखान्यात डोळ्यांच्या मशीनवर बसणारे, एवढी ओळख पुरे.

मी दारव्हा तालुक्यातली अंगणवाडी सेविका. चष्मा मायनस १६ चा. डाव्या डोळ्याला रजिस्टरच्या रेघा मधोमध वाकलेल्या दिसू लागल्या, बाळांच्या वजनाचा आकडा पुसल्यासारखा दिसू लागला. चष्म्याच्या दुकानात नंबर वाढला म्हणून नवा चष्मा दिला. रेघा वाकड्याच राहिल्या.

तुमच्यापाशी आले तेव्हा बाहेर केवढी रांग! तरी फोटो काढून 'पुढचा या' म्हणाला नाहीत. स्क्रीन माझ्याकडं वळवून सांगितलंत की नेहमीचा डोळा लांबीला २४ मिलिमीटरच्या आसपास असतो, २६ च्या पुढे गेला की आतले थर ताणले जातात आणि जुन्या लुगड्यासारखे विरतात. विरलेल्या जागेतून नको त्या रक्तवाहिन्या उगवतात. पण तिथं नुसतं रक्तही सांडू शकतं, नवी वाहिनी नसतानाही. पहिल्याला इंजेक्शन लागतं, दुसऱ्याला बहुतेक वेळा नाही. साध्या फोटोत दोन्ही लाल डागच.

ओसीटीत, म्हणजे प्रकाशानं डोळ्यातले थर दाखवणाऱ्या तपासणीत, पडद्याचा उभा काप दिसला, त्यात बारीकसा उंचवटा होता. पाणी म्हणाल तर नावाला. मायनसच्या डोळ्यात असंच असतं, म्हणून पाणी दिसलं नाही तरी निर्धास्त राहू नये, हे तुमचं वाक्य मी डायरीत लिहून ठेवलं आहे.

मग बिनसुईची ओसीटी अँजिओ. मशीन एकाच जागेचे पुन्हा पुन्हा फोटो घेते, दोन फोटोंत जे हललं ते वाहतं रक्त, आणि त्यावरून वाहिन्यांचा नकाशा तयार होतो. ऐकायला सोपं! मला मधलं दिसतच नव्हतं, तर टिपक्यावर नजर ठेवायची कशी? डोळा हलायचा, फोटोत पांढऱ्या पट्ट्या यायच्या. तुम्ही उजव्या डोळ्यासमोर बाहेरचा दिवा धरून त्याच्याकडं पाहायला लावलंत, पापणी बोटानं वर धरलीत. वर मशीननं आखलेले थर माझ्या वाकड्या डोळ्याला जुळेनात, तर ते हातानं सरकवत बसलात. मला वाटतं, खरं काम तिथंच झालं. नकाशात गुंता दिसला, इवलासा.

वाहिनीतून होणारी गळती मात्र या नकाशात दिसत नाही, म्हणून डॉक्टरांनी डायची, म्हणजे शिरेत रंग टोचून डोळ्याचे फोटो काढायची तपासणी सांगितली. सासूबाई म्हणाल्या, "काहून टोचून घेतं वं?" तेव्हा तुम्ही गोष्ट सांगितलीत: १९६१ साली अमेरिकेतल्या दोन वैद्यकीय विद्यार्थ्यांनी ही तपासणी जगापुढं आणली, आणि आधी आपल्यातल्याच एकाच्या डोळ्यावर करून पाहिली होती. सासूबाई हसल्या, मी हात पुढं केला. हातातल्या शिरेत पिवळा रंग गेला, थोडं मळमळलं. सुरुवातीच्या फोटोत गुंता उजळला आणि नंतरच्या फोटोंत त्याची कड पसरत गेली. ती गळती. नवी वाहिनीच होती.

डोळ्यात इंजेक्शनं झाली. आता रेघा बऱ्याचशा सरळ आहेत. मधे एक करडा ठिपका आहे, तो राहील म्हणतात. वजनाचा आकडा मीच वाचते आणि मीच लिहिते. दादा, मनापासून आभार.

एक मागणी आहे. डायनंतर कातडी पिवळट दिसते, लघवी दिवसभर गडद पिवळी होते, हे तुम्ही मला आधी सांगितलं होतं. एसटी स्टँडवर भेटलेल्या एका बाईला तिच्या दवाखान्यात कुणी सांगितलं नव्हतं. कावीळ झाली म्हणून रडत होती बिचारी. तेवढं मराठीत लिहून भिंतीवर लावा. अक्षरं मोठी काढा, तिथं बसलेल्या सगळ्यांच्या डोळ्यांत थेंब घातलेले असतात.

तुमची,
मायनस १६ वाली ताई