यूएसबी ऑसिलोस्कोपच्या सिग्नल जनरेटरबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय: सिग्नल जनरेटरचे अस्थिर आउटपुट, यंत्र बदलून मिळणेबाबत

महोदय,

डिचोलीत माझे ॲम्प्लिफायर आणि मिक्सर दुरुस्तीचे दुकान आहे. तुमच्याकडून घेतलेल्या यूएसबी ऑसिलोस्कोपमधला (लॅपटॉपला जोडून सिग्नलची वेव्ह पडद्यावर दाखवणारे यंत्र) सिग्नल जनरेटर, म्हणजे तपासणीसाठी ठरलेला सिग्नल देणारा भाग, वॉरंटी चालू असतानाच बिघडला. तुमच्या सेवा केंद्राने ‘ट्रिगर नीट लावा’ एवढे कळवून माझी तक्रार परस्पर बंद केली. हे मला मान्य नाही.

ट्रिगर म्हणजे वेव्ह पडद्यावर एका जागी स्थिर ठेवणारी सेटिंग. तो चुकला तर वेव्ह पडद्यावर सरकते, तिची उंची बदलत नाही. इथे उंचीच कमीजास्त होते. म्हणून मी पडदा पूर्ण बाजूला ठेवला. जनरेटरला १०० हर्ट्झची, २ व्होल्ट पीक-टू-पीक (वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंत) साइन वेव्ह लावली आणि आउटपुटवर फक्त मल्टिमीटर जोडला. साधा मीटर वरच्या फ्रिक्वेन्सीला चुकीचे दाखवतो, म्हणून मुद्दाम १०० हर्ट्झ घेतले. मीटर टोकाचे नव्हे तर प्रभावी (आरएमएस) मूल्य दाखवतो, म्हणून त्यावर ०.७०७ व्होल्टच्या आसपास आकडा टिकायला हवा. तो अर्ध्या व्होल्टपर्यंत घसरतो, पुन्हा वर येतो, पुन्हा घसरतो. यात ट्रिगरचा संबंधच कुठे येतो?

उलट, प्रोब (मोजणीची वायर) जुळवून घेण्यासाठी यंत्रच देते ती कॅलिब्रेशनची १ किलोहर्ट्झची स्क्वेअर वेव्ह त्याच चॅनेलवर अगदी स्थिर दिसते. म्हणजे इनपुटची बाजू ठीक आहे. केबल बदलली, दुसरा लॅपटॉप लावला, चार्जर काढून बॅटरीवर चालवून पाहिले, वेगळा सप्लाय असलेला हबही लावला. पावसाळ्यात आमच्याकडे विजेचा दाब सारखा खालीवर होतो, म्हणून यूएसबीचा व्होल्टेजही मोजला. आउटपुट घसरत असताना तो ४.९ च्या खाली गेला नाही.

एक गोष्ट मात्र लक्षात घ्या. यंत्र गार असताना जनरेटर नीट चालतो. तापले की घसरण सुरू होते, आणि टेबल फॅनचा वारा सोडला की थांबते. माझ्या मते आतला एखादा भाग किंवा सोल्डरिंगचा जोड उष्णतेने दगा देतो. वॉरंटीचे सील असल्यामुळे मी यंत्र उघडलेले नाही.

ॲम्प्लिफायर तपासताना ठरलेला सिग्नल आत देऊन मी एकेक टप्पा पाहत पुढे जातो. तो सिग्नलच डळमळीत असेल तर दोष प्रीॲम्पमध्ये आहे की आउटपुट ट्रान्झिस्टरमध्ये, हे कसे ठरवणार? धडधाकट भाग बदलला जाईल आणि पैसे गिऱ्हाइकाचे जातील. चवथीआधी भजनी मंडळांचे सेट माझ्याकडे येतात, पुढे जत्रा आणि नाटकांचा हंगाम. लोक विश्वासाने सामान ठेवून जातात. त्यांना अंदाजाने केलेली दुरुस्ती मी देणार नाही.

तरी तक्रार पुन्हा उघडून मला यंत्र बदलून द्यावे आणि दोन्ही बाजूंचा कुरिअर खर्च कंपनीने करावा. आधी तपासणी करायची असेल तर यंत्र किमान अर्धा तास चालू ठेवून मगच आउटपुट मोजावे. चालू करताच मोजले तर ‘दोष आढळला नाही’ असा शेरा मारून ते परत येईल, आणि तो शेरा मी स्वीकारणार नाही. १५ दिवसांत लेखी उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार उत्तर गोवा जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागेन.

आपला,
दुकानमालक, डिचोली, गोवा

सोबत: बिलाची प्रत, सिरीयल नंबरचा फोटो, मीटरवरील घसरणीचा व्हिडिओ