कमल बस्तीचं छत म्हणजे चर्चची कमान नव्हे ओ

संपादक साहेब, नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत जुन्या चर्चवरचा लेख वाचला, फोटो झकास, पण बेळगावच्या किल्ल्यातल्या आपल्या कमल बस्तीचं, म्हणजे जुन्या जैन मंदिराचं छत आणि युरोपातल्या चर्चची दगडी कमानीची छतं एकाच माळेत ओवलीत ते काय पटलं नाही. बस्ती १२०४ ची. तिथं दगडाचा प्रत्येक थर आडवाच बसवलाय, फक्त खालच्यापेक्षा जरा आत सरकवत, त्यामुळं वजन बहुतेक सरळ खांबावर उतरतं. चर्चमध्ये दगड पाचरीसारखे, एकमेकाला रेटून उभे, खाली लाकडाचं सेंट्रिंग लावून बांधायचं आणि माथ्यावरचा शेवटचा, चावीचा दगड बसला की मग ते काढायचं. आता हा रेटा जातो कुठं, तर बाजूला, भिंतीत.

हे मला पुस्तकातनं नाही कळलं. खानापूरकडं आमच्या जुन्या घराला दगडी कमानीचा दरवाजा आहे, चुलतभावानं गाडी लावायला जागा पाहिजे म्हणून शेजारची भिंत पाडली, कमानीला हातसुद्धा लावला नव्हता, तरी एका पावसाळ्यात चावीच्या दगडापाशी बोट जाईल एवढी फट पडली. गावातले म्हातारे गवंडी मामा आले, वर बघून म्हणाले, "कमानीचे खांदेच काढून घेतलासा की ओ." त्यांनी दिलेला सागाचा टेकू अजून तसाच हाय, गाडी बाहेरच लागते.

युरोपात चर्च बांधणाऱ्यांनी असेच खांदे भिंतीबाहेरनं दगडाचे तिरपे टेकू उभे करून दिले. तरी फ्रान्समध्ये बोवे शहरातल्या चर्चच्या जवळजवळ ४८ मीटर उंच नेलेल्या छताचा भाग १२८४ ला कोसळलाच, मग खांबांच्या मधे जादा खांब घालून परत बांधलं. लांब कशाला, चोर्ल्यातनं जुन्या गोव्याला गेलात की सेंट ऑगस्टीनचा नुसता मनोरा दिसतो, त्या चर्चची कमान १८४२ ला पडली.

अजून एक, २०१९ ला पॅरिसच्या नोत्र दामचं "छत जळून गेलं" असं छापलंय. जळलं ते वरचं लाकडी छप्पर, खालची दगडी कमान शिखर कोसळून भोकं पडली तरी बरीचशी तगली.

पुढच्या वेळी बस्तीचा फोटो बाहेरनं नको, छतातल्या दगडी कमळाच्या बरोबर खाली उभं राहून काढलेला छापा, थर मोजता येतात.

एक वाचक, खानापूर