आगकाडी, कार्बन पेपर आणि एक वही

नाशिक, रविवार सकाळ

प्रिय मंदा,

परवा फोनवर तू विचारलंस की रशियाचा अलीकडचा इतिहास समजून घ्यायचा तर कादंबऱ्या वाचू की इतिहासाची पुस्तकं. तेवढ्यात तुझ्याकडे कुणी तरी आलं आणि बोलणं अर्धवट राहिलं. तेव्हापासून माझ्या डोक्यात तेच चाललंय, म्हणून सविस्तर लिहिते.

लिदिया चुकोव्स्कायाच्या 'सोफिया पेत्रोव्ना'पासून सुरुवात कर. लहानशी कादंबरी आहे, दोन बैठकांत होईल. लेनिनग्राडच्या एका प्रकाशनसंस्थेतली टायपिस्ट बाई, तिचा हुशार इंजिनिअर मुलगा आणि स्टालिनच्या धरपकडीचं 1937 साल. मुलाला पकडून नेतात. आई तुरुंगाबाहेरच्या रांगेत उभी राहते आणि तिला वाटतं, या रांगेतल्या बाकी बायकांची मुलं खरंच गुन्हेगार असणार, चूक झालीय ती फक्त माझ्या मुलाच्या बाबतीत. हे वाचताना माझ्या पोटात खड्डा पडला. सगळ्या रांगेला हेच वाटत असेल, नाही का?

ही गोष्ट लिदियाने 1939-40च्या हिवाळ्यात लिहिली, एका जाड शाळेच्या वहीत. तिचा नवरा मात्वेई ब्रॉनश्टाइन पदार्थविज्ञानातला मोठा संशोधक. 1938च्या फेब्रुवारीत त्याला गोळी घातली, तेव्हा तो 31 वर्षांचा होता. घरच्यांना मात्र सांगितलं, 'दहा वर्षं कैद, पत्रव्यवहाराचा हक्क नाही.' या वाक्याचा अर्थ माणूस आधीच मेलाय, हे त्या रांगांना कितीतरी उशिरा कळलं. वही एका मित्राने सांभाळली. दुसऱ्या महायुद्धात लेनिनग्राडला पडलेल्या वेढ्यात तो भुकेने गेला, पण वही आपल्या बहिणीच्या हाती देऊन गेला. रशियात ती छापून आली 1988 साली.

म्हणून मी तुला आधी कादंबरी घे म्हणतेय. इतिहासकाराला शेवट ठाऊक असतो. 1937 आणि 1938 या 2 वर्षांत 6,81,692 जणांना गोळ्या घातल्या, हा सरकारी दफ्तरातलाच आकडा तो पहिल्या पानावर देऊ शकतो. लिदिया लिहीत होती तेव्हा असा आकडा कुणाकडेच नव्हता. तिच्याकडे होती ती रांग आणि खिडकीमागून मिळणारी तुटक उत्तरं. ते न कळणं कसं असतं, हे आकड्यातून उमगत नाही गं.

त्याच्या जोडीला लिदियाच्याच, कवयित्री अन्ना अख्मातोवावरच्या नोंदी वाच, त्या मात्र रोजनिशीसारख्या आहेत. अख्मातोवाचाही मुलगा तुरुंगात होता आणि ती 'रेक्विएम'च्या कविता रचत होती. लिदिया भेटायला आली की ती छताकडे, भिंतींकडे डोळ्यांनी खुणावायची, कुणी तरी ऐकतंय म्हणून. मग मोठ्याने 'चहा घेणार का?' असं काहीतरी विचारायची आणि चिठोऱ्यावर भराभर कविता लिहून पुढे करायची. लिदिया वाचून पाठ करायची, चिठोरा परत द्यायची. 'यंदा शरद ऋतू लवकरच आला,' असं मोठ्याने म्हणत अख्मातोवा आगकाडी ओढायची आणि राखदाणीवर कागद जाळायची. अशी ती कविता काही मोजक्या मैत्रिणींच्या डोक्यात जगली.

यानंतर वासिली ग्रॉसमनची 'जीवन आणि नियती' ही कादंबरी घे. जाडजूड आहे, घाई करू नकोस. आपण टायपिंगच्या क्लासला जायचो ते आठवतं? वापरलेला कार्बन उजेडात धरला की आदल्या पोरीचं पत्र वाचता यायचं. 1961च्या फेब्रुवारीत केजीबीची, म्हणजे सोव्हिएत गुप्त पोलिसांची, माणसं ग्रॉसमनच्या घरी आली आणि हस्तलिखिताबरोबर कार्बन पेपर आणि टाइपरायटरच्या रिबिनीसुद्धा घेऊन गेली. ते वाचलं तेव्हा बोटांना लागलेली ती निळी शाई मला जशीच्या तशी आठवली. त्याच वर्षी आपले अण्णाभाऊ साठे रशियाला गेले होते, 'माझा रशियाचा प्रवास' त्यातूनच आलं. मला ते पुस्तक अजून प्रिय आहे. तिथला कामकरी माणूस पाहून त्यांना झालेला आनंद खराच होता. आणि त्याच देशात, मॉस्कोत, ग्रॉसमन आपली कादंबरी परत द्या म्हणून विनवण्या करत होता, हेही खरं. दोन्ही मला एकत्र धरून ठेवायचंय. 1964 साली तो कॅन्सरने गेला. मित्रांकडे लपवलेल्या प्रती शाबूत राहिल्या, म्हणून 1980 साली स्वित्झर्लंडमध्ये पुस्तक निघालं.

पहिल्याच भागात एका आईचं पत्र आहे. ती डोळ्यांची डॉक्टर. नाझींच्या घेट्टोत, म्हणजे ज्यूंना कोंडायच्या वस्तीत, जाताना काय काय बरोबर घेतलं ते मुलाला कळवते: उशी, त्याने कधीतरी दिलेला कप, चमचा. ग्रॉसमनची स्वतःची आई 1941 साली युक्रेनमधल्या बेर्दिचेव गावात नाझींकडून मारली गेली. तिच्याकडून त्याला असं पत्र कधीच आलं नव्हतं, ते त्याने लिहिलं. आणि खऱ्या आयुष्यात तिच्या मृत्यूनंतर तिला पत्रं लिहिली, 1950 साली आणि पुन्हा 1961 साली. मी तिथे पुस्तक मिटून गच्चीत जाऊन बसले होते.

मग पाहिजे तर अॅन अॅपलबॉमचं 'गुलाग' वाच, छळछावण्यांचा सगळा पसारा त्यात नीट मांडलाय. आणि स्वेतलाना अलेक्सिएविचचं 'सेकंडहँड टाइम' नक्की. सोव्हिएत देश मोडल्यावर माणसं आपापल्या स्वयंपाकघरात बसून काय बोलत होती, ते सगळं त्यात आहे. त्यातल्या काहींना जुने दिवस परत हवे असतात, आणि बाई त्यांनाही मधे न तोडता बोलू देते.

सोव्हिएत राजवटीत बळी पडलेल्या अशा माणसांची नावं, तारखा गोळा करणारी 'मेमोरियल' नावाची संस्था तिथे होती. डिसेंबर 2021 मध्ये रशियाच्या सर्वोच्च न्यायालयाने ती बंद करायला लावली.

माझी 'सोफिया पेत्रोव्ना' सोमवारी पोस्टात टाकते. समासात पेन्सिलीच्या खुणा आहेत, तिकडे लक्ष देऊ नकोस. शेवटच्या पानावरही एक आगकाडी आहे. तिच्याबद्दल तुला काय वाटलं ते मला कळव, फोनवर नको, पत्रातच लिही.

काकूंना नमस्कार सांग. त्यांचा गुडघा आता कसा आहे?

तुझी,
शैला